ऑपरेशनची सुरुवात स्वयंपाकघरातून

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा विषय घरात निघाला की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, "एकदा ऑपरेशन होऊ दे, मग खाणे आपोआप कमी होईल." दुसरे, "तोपर्यंत मनासारखे खाऊन घे, नंतर कुठे मिळणार आहे?" दोन्ही वाक्ये मायेपोटी बोलली जातात आणि दोन्ही वाक्ये पेशंटचे नुकसान करतात. ऑपरेशन पोटाचे होते, सवयींचे होत नाही. खाण्यापिण्याच्या सवयी ज्याच्या त्यालाच बदलाव्या लागतात, आणि त्या ऑपरेशनच्या आधी बदलल्या तर पुढचा रस्ता निम्म्याहून सोपा होतो.

मिरजेच्या आमच्या एकत्र कुटुंबात माझ्या धाकट्या जावेची ही शस्त्रक्रिया दीड वर्षापूर्वी पुण्यात झाली. तिच्या परवानगीनेच हे लिहिते आहे. नाव मात्र देऊ नका म्हणाली. तेव्हा तिचे वय ३८, उंची १५८ सेंटिमीटर आणि वजन १०५ किलो होते. सहा वर्षांपासून डायबेटिस. गुडघे इतके दुखायचे की नमाज खुर्चीवर बसून पढावी लागे. आहार, चालणे, काढे, गोळ्या असे सगळे करून झाले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली तेव्हा तारीख लगेच दिली नाही. "तीन महिने तयारी करा, मग तारीख ठरवू," असे सांगितले. ती तयारी म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांना त्या तीन महिन्यांत कळले.

शस्त्रक्रिया नेमकी काय करते?

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार ऐकायला मिळतात. 'स्लीव्ह' प्रकारात जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची एक लहानशी पिशवी करतात, त्यात सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटर मावते, आणि ती पिशवी पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही ऑपरेशने बहुधा दुर्बिणीने, छोट्या छिद्रांतून होतात.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी, याचे माप बीएमआयवर ठरते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. माझ्या जावेचा हिशेब असा: १.५८ गुणिले १.५८ म्हणजे सुमारे २.५, १०५ भागिले २.५ म्हणजे ४२. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, अशी मर्यादा सांगितली होती. २०२२ मध्ये या विषयातील दोन मोठ्या वैद्यकीय संघटनांनी ती ३५ वर आणली आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनही विचार करावा, असे म्हटले. आपल्या अंगात कमी वजनातही पोटाची चरबी आणि साखरेचा आजार जास्त दिसतो, हे त्यामागचे कारण. निर्णय अर्थात डॉक्टरांचा. दोन-चार किलो जास्त झाले म्हणून करायची ही गोष्ट नाही.

आधीच का बदलायचे?

याची कारणे दोन. पहिले कारण यकृताचे आहे. आपले यकृत उजव्या बाजूला असले तरी त्याचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो. जठरावर काम करायचे तर सर्जनला हा भाग उचलून धरावा लागतो. वजन जास्त असलेल्या बहुतेक पेशंटच्या यकृतात चरबी साठलेली असते. असे यकृत मोठे, जड आणि नाजूक होते. ते उचलताना रक्तस्राव होऊ शकतो, दुर्बिणीला जागा मिळत नाही, आणि क्वचित ऑपरेशन अर्ध्यावर थांबवावे लागते. पण यकृताची एक चांगली बाजू आहे. गोड आणि पिष्टमय खाणे कमी केले की ते दोन ते चार आठवड्यांत आकसते. यकृत साखरेचा साठा करून ठेवते आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणीही धरून ठेवते. साठा वापरला गेला की पाणी जाते, मग चरबीही उतरू लागते.

दुसरे कारण सवयीचे. ऑपरेशननंतर घास मोठा घेतला, भरभर खाल्ले, जेवताना पाणी प्यायले तर दुखते, उलटी होते. तेव्हा टाके ताजे असतात, अंगात ताकद नसते. चाळीस वर्षांची सवय त्या अवस्थेत पहिल्यांदा मोडायला बसणे फार अवघड. शाळेत आम्ही परीक्षेआधी सराव परीक्षा घेतो, त्यातलाच हा प्रकार. सरावात चुकले तर बिघडत नाही.

पहिले काम: वही

आहारतज्ज्ञ बाईंनी माझ्या जावेला पहिल्या भेटीत काहीच बंद करायला सांगितले नाही. फक्त एक वही करायला सांगितली. काय खाल्ले, किती, किती वाजता, आणि भूक लागली होती की नाही, एवढेच लिहायचे. दहा दिवसांनी वही पाहिली तेव्हा ती स्वतःच चकित झाली. जेवणे साधीच होती. पण मुलांच्या ताटातले उरलेले चार घास, स्वयंपाक करताना चाखलेले कबाब, दुपारी सासूबाईंबरोबरचा चहा आणि खारी, रात्री टीव्हीसमोर शेव, असे वहीत दिवसातून नऊ-दहा वेळा खाणे निघाले. त्यातल्या निम्म्या वेळांपुढे "भूक नव्हती" असे लिहिलेले होते.

म्हणून सुरुवात इथूनच करावी. ठरलेल्या वेळी तीन जेवणे आणि मध्ये एक-दोन लहान खाणी, बाकी वेळी तोंड बंद. सकाळचा नाश्ता टाळायचा नाही. उपाशी राहून संध्याकाळी तुटून पडण्याची सवय असेल तर ती आधी जायला हवी.

घास, ताट आणि वेळ

नंतरच्या लहान पोटात न चावलेला घास अडकतो. म्हणून प्रत्येक घास वीस ते तीस वेळा चावायचा, तो तोंडातच लगद्यासारखा व्हायला हवा. हे वाचायला सोपे आहे, करून पाहा. पहिल्या दिवशी जबडा दुखतो. आमच्याकडे जावेने या युक्त्या वापरल्या: मोठ्या ताटाऐवजी मुलांची थाळी, मोठ्या चमच्याऐवजी चहाचा चमचा, घास तोंडात असेपर्यंत हात खाली. जेवणाला वीस ते तीस मिनिटे लागली पाहिजेत. मोबाईल आणि टीव्ही बंद, कारण लक्ष तिकडे गेले की चावणे विसरते.

आपल्या दस्तरखानावर एकाच मोठ्या थाळीत मिळून खाण्याची रीत अनेक घरांत आहे. रीत सुंदर आहे, पण त्यात कोणी किती खाल्ले ते कळत नाही आणि सगळ्यांच्या वेगाने खावे लागते. पेशंटने दस्तरखानावर सगळ्यांबरोबर बसावे, थाळी मात्र वेगळी घ्यावी.

पोट भरल्याची खूण ओळखणे हाही सराव आहे. तुडुंब भरले, ढेकर आला, म्हणजे पोट भरले असे आपण समजतो. ऑपरेशननंतर ती खूण फार उशिराची ठरते. छातीच्या खाली हलका दाब वाटणे, उगाच एखादी उचकी, नाक वाहणे, असे काही झाले की थांबायचे. एक घास जास्त झाला तरी उलटी होते. पोटाचा काही भाग पाण्यासाठी आणि काही श्वासासाठी मोकळा ठेवावा, ही शिकवण आपल्या घराघरांत लहानपणापासून सांगितली जाते. ती पाळायची वेळ इथे खरोखर येते.

पाणी वेगळे, जेवण वेगळे

सगळ्यांत जड जाणारी सवय हीच. आपण ताटाशेजारी तांब्या घेऊन बसतो. तिखट रस्सा असला की प्रत्येक दोन घासांनंतर पाणी. लहान पोटात पाण्याने जागा भरली तर अन्न जात नाही, आणि दोन्ही एकदम गेले तर दुखते किंवा उलटी होते. शिवाय पाण्याबरोबर अन्न लवकर पुढे सरकते आणि पुन्हा भूक लागल्यासारखे वाटते. म्हणून नियम असा: जेवणाआधी अर्धा तास पाणी थांबवायचे, जेवताना प्यायचे नाही, आणि जेवणानंतर अर्ध्या तासाने सुरू करायचे.

पण दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी पोटात जायलाच हवे. मग ते जेवणांच्या मधल्या वेळेत, घोट घोट करून. गटागटा पिण्याची सवय मोडायची. पाणी बसून, थांबत थांबत, श्वास घेत प्यावे हे आपल्याला कोणी नव्याने शिकवायला नको. जावेने अर्ध्या लिटरच्या बाटलीवर पट्ट्या चिकटवल्या होत्या आणि एक पट्टी संपवायला पंधरा मिनिटे असा हिशेब ठेवला होता. जेवणात पाणी लागू नये म्हणून अम्मींनी तिच्यापुरते तिखट कमी केले. या एका बदलाने निम्मे काम झाले.

पेयांचे आणखी काही:

कोल्ड्रिंक आणि सोडा पूर्ण बंद. त्यातला वायू लहान पोट फुगवतो, दुखते. स्ट्रॉनेही हवा पोटात जाते, म्हणून तीही नको.

शरबत, फालुदा, उसाचा रस, डबाबंद ज्यूस यांची साखर घासाशिवाय थेट पोटात जाते. बायपासनंतर अशी साखर एकदम आतड्यात उतरली की घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. याला डॉक्टर 'डम्पिंग' म्हणतात. ऑपरेशनने पोट लहान होते, पण गोड पेय लहान पोटातूनही सहज निघून जाते. वजन पुन्हा वाढण्याचा हा चोरदरवाजा आहे.

चहा एकदम तोडू नका. दिवसाला सहा कप पिणाऱ्याने एका दिवसात बंद केले तर दोन-तीन दिवस डोके ठणकते. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा आणि प्रत्येक कपातली साखर अर्ध्या चमच्याने उतरवा. चहाबरोबरची खारी, टोस्ट, नानखटाई आधी सोडा.

आधी गोश्त, मग भात

शस्त्रक्रियेनंतर रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. जखम भरण्यासाठी, स्नायू टिकण्यासाठी, केस गळणे कमी राहण्यासाठी. पोटात जागा थोडी, म्हणून घासांचा क्रम ठरतो: आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भात किंवा चपाती. आपले जेवण याच्या उलट असते. बिर्याणीत भाताचा ढीग आणि वर दोन बोट्या. हा क्रम तयारीच्या काळातच उलटा करायचा.

आपल्या स्वयंपाकघरातला ढोबळ हिशेब असा. एक अंडे, ६ ग्रॅम. शिजवलेले बिनहाडाचे चिकन १०० ग्रॅम, २५ ग्रॅमच्या आसपास. मासे १०० ग्रॅम, सुमारे २० ग्रॅम. पनीर १०० ग्रॅम, १८ ग्रॅम. घट्ट वरणाची एक वाटी, ६ ग्रॅम. एक कप दूध, ६ ग्रॅम. मूठभर भाजलेले चणे, ६ ग्रॅम. म्हणजे सकाळी दोन अंडी (१२), अकरा वाजता कपभर दूध (६), दुपारी ८० ग्रॅम चिकन आणि वाटीभर वरण (२६), संध्याकाळी चणे (६), रात्री ७५ ग्रॅम मासे (१५). बेरीज ६५. महाग पावडरीशिवायही एवढे जमते. ऑपरेशनच्या आगेमागे मात्र डॉक्टर काही काळ पावडर देतात, ती घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

शिजवण्याची पद्धतही बदलते. मटणाची रेषेदार बोटी, मऊ चपाती आणि चिकट भात नंतरच्या काळात अडकतात. त्यांच्याऐवजी बारीक वाटलेला, चांगला शिजलेला कमी तेलाचा खिमा, वाफवलेले मासे, मऊ उकडलेले अंडे, दही, मुगाचे वरण यांची सवय जिभेला आधीच लावावी. कोकणातल्या घरांना माशांमुळे हे सोपे जाते. दम, तळण आणि वरून सोडलेले तूप यांना रजा द्यावी.

शेवटचे दोन आठवडे

ऑपरेशनच्या साधारण दोन आठवडे आधी यकृत आकसण्यासाठी खास आहार देतात. बहुतेक ठिकाणी तो दिवसाला ८०० ते १२०० कॅलरीचा असतो. प्रथिनांचे पेय, साय काढलेले दूध किंवा ताक, गाळलेले सूप, उकडलेल्या भाज्या, थोडे अंडे किंवा चिकन. भात, चपाती, बटाटा, साखर, तेल जवळजवळ नाहीच. पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. डोके दुखते, चिडचिड होते, पोट साफ होत नाही. नंतर भूक बरीच शांत होते. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरते, पण त्यातले बरेचसे पाणी असते, हे लक्षात ठेवावे म्हणजे पुढे वेग मंदावला तर निराशा येत नाही.

हा आहार कोणाचे ऐकून घरी सुरू करू नये. विशेषतः डायबेटिस असेल तर. खाणे एकदम कमी झाले आणि इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी तेवढीच राहिली तर रक्तातील साखर धोकादायक खाली जाते. घाम, थरथर, गरगरणे, गोंधळल्यासारखे होणे ही तिची लक्षणे. अशा वेळी आहाराचा नियम बाजूला ठेवून लगेच साखर घ्यायची आणि डॉक्टरांना कळवायचे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तर ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. वजनासाठी आठवड्याचे इंजेक्शन घेत असाल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते जरूर सांगा, कारण त्याने पोट उशिरा रिकामे होते. रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचेही विचारून घ्या.

आणि ऑपरेशनच्या दिवशीचा उपवास. भूल देण्याआधी घन अन्न किमान सहा तास आणि पाणी दोन तास बंद असते, या पेशंटना बहुधा त्याहून जास्त. तुमच्या रुग्णालयाने दिलेली वेळच पाळायची. "सकाळपासून बिचारी उपाशी आहे" म्हणून कोणी गुपचूप चहा-बिस्किट देऊ नये. भुलेत ते पोटातून वर येऊन फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते.

तंबाखू, मिश्री आणि पान

सिगारेट ओढणाऱ्यांना डॉक्टर किमान सहा आठवडे आधी बंद करायला सांगतात. पण बायकांना हा प्रश्न विचारला की उत्तर "नाही" असे येते, आणि सकाळची मिश्री मोजलीच जात नाही. मिश्री, तंबाखूचे पान, गुटखा, जर्दा हे सगळे तंबाखूच. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि बायपासच्या जोडावर अल्सर होऊ शकतो. दाराआड लावलेली मिश्री डॉक्टरांपासून लपते, टाक्यांपासून लपत नाही. डॉक्टरांना खरे सांगावे आणि सोडण्यासाठी मदत मागावी.

हलालचे प्रश्न आधीच विचारा

शस्त्रक्रियेनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि इतर पूरके जन्मभर घ्यावी लागतात. ऑपरेशनच्या आधीच रक्त तपासून कमतरता भरून काढतात. यांतल्या बऱ्याच कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांपासून बनते. अनेक घरे नंतर हे कळले की गोळ्याच बंद करतात, आणि मग हातपायांना मुंग्या, रक्तक्षय सुरू होतो. त्यापेक्षा आधीच विचारा. चघळायच्या गोळ्या, पावडर, वनस्पतीजन्य कवचाच्या कॅप्सूल किंवा बी-१२ ची इंजेक्शने असे पर्याय असतात.

दुसरा प्रश्न रक्ताच्या गुठळ्या टाळण्यासाठी देतात त्या इंजेक्शनचा. हेपारिन आणि एनॉक्सापॅरिन डुकराच्या आतड्यापासून मिळवतात. फोंडापॅरिनक्स नावाचे कृत्रिम औषध उपलब्ध आहे, पण ते प्रत्येक पेशंटला चालेलच असे नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री वाद घालण्यापेक्षा पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारावे आणि शंका असेल तर जाणत्या आलिमांचाही सल्ला घ्यावा. स्वतःच्या मनाने नकार मात्र देऊ नये. गुठळी फुप्फुसात गेली तर ती प्राणघातक असते.

रमजान, शादी आणि तारीख

तारीख ठरवताना कॅलेंडर घेऊन बसा. ऑपरेशननंतर पहिले काही महिने रोजे ठेवता येत नाहीत, कारण घोट घोट पाणी दिवसभर लागते आणि एका वेळी फारसे जात नाही. सहेरी आणि इफ्तारच्या दोन वेळांत ते भरून निघत नाही. आजारी माणसाला रोजा नंतर पूर्ण करण्याची सवलत कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिली आहे. पुढच्या वर्षी रोजे ठेवता येतील का, हे तपासण्या पाहून डॉक्टर सांगतात. आधीच्या दोन आठवड्यांच्या खास आहारातही रमजान किंवा ईद येणार नाही असे पाहावे.

तरुण भगिनींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने गरभधारणा टाळायला सांगतात. वजन उतरताच पाळी नियमित होते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळी नीट शोषली जाईल याची खात्री नसते. पतीपत्नीने हे दोघांनी मिळून डॉक्टरांशी आधी बोलावे.

विमा असेल तर पॉलिसी वाचा. सध्याच्या नियमांत वय १८ पूर्ण, बीएमआय ४०, किंवा ३५ सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडकणे, आटोक्यात न येणारा डायबेटिस यांसारखा आजार, आणि इतर उपाय करून झालेले असणे, अशा अटी असतात. प्रतीक्षा कालावधीही पाहावा.

घरच्यांचे काम

आमच्या घरात खरी अडचण पेशंटची नव्हती. ती आमच्या अम्मींची होती. त्यांनी आयुष्यभर माया ताटात वाढून दाखवली. सुनेने दुसऱ्यांदा वाढू दिले नाही की त्यांना वाटायचे, माझ्या हाताला चव राहिली नाही. "थोडा तो और ले, बेटा" हे वाक्य दर जेवणाला. एकदा तर त्या रागाने दस्तरखानावरून उठून गेल्या. माझी जाऊ रडली आणि त्या दिवशी तिने दोन वाट्या खीर खाल्ली. वहीत तेही लिहिले, आणि पुढे कारण लिहिले, "अम्मी नाराज."

आहारतज्ज्ञ बाईंनी ती ओळ वाचली आणि पुढच्या भेटीला अम्मींनाच बोलावले. त्यांनी उपदेश केला नाही. यकृताचे चित्र काढून दाखवले आणि म्हणाल्या, "ऑपरेशन डॉक्टर एका दिवसात करतील. हे यकृत लहान करायचे काम तुमच्या हातात आहे." अम्मी घरी आल्या त्या नवे काम घेऊन. कमी तेलाचा खिमा कसा मऊ होतो, यखनी किती वेळा गाळायची, कपात किती मिलिलिटर मावते, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना शिकवले. त्यांची माया तेवढीच राहिली, फक्त वाटी लहान झाली.

खास आहाराच्या दुसऱ्याच आठवड्यात नात्यात एक शादी आली. जायचे की नाही यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी जाऊ घरून यखनीचा थर्मास घेऊन गेली, जेवणाच्या पंगतीच्या वेळी वधूच्या खोलीत बसली आणि विचारणाऱ्यांना अम्मींनीच सांगितले, "डॉक्टरने परहेज सांगितले आहे." पुढे कोणी आग्रह केला नाही. मेहमानाला आग्रह करणे हा आपल्याकडे आदर मानतात. पण परहेज म्हटल्यावर एकदा विचारून थांबणे हाही आदरच आहे.

तीन महिन्यांत तिचे सात किलो उतरले. ऑपरेशन दुर्बिणीने सुरळीत पार पडले. नंतरचे टप्पे तिला ओळखीचे वाटले: आधी पातळ पाण्यासारखे, मग दूध-सूप, मग वाटलेले, मग मऊ, आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे पण मोजके. पहिल्या महिन्यात दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा घाईने खाल्ले म्हणून. उलट्या थांबतच नसतील तर मात्र घरी बसू नये, ब-१ जीवनसत्त्व घसरून मेंदूला इजा होऊ शकते. आज तिचे वजन ७६ किलो आहे, इन्शुलिन बंद आहे आणि सजदा जमिनीवर होतो. पण वही अजून चालू आहे. दोन-तीन वर्षांनी सवयी सैल झाल्या की वजन पुन्हा वाढू शकते, हे तिला डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

ज्या घरात अशा शस्त्रक्रियेचा विचार चालू आहे, त्यांनी तारखेची वाट पाहू नये. या आठवड्यात एक वही आणा. जेवताना तांब्या ताटापासून दूर ठेवा. लहान थाळी आणि चहाचा चमचा काढून ठेवा. डॉक्टरांना विचारायचे प्रश्न कागदावर लिहा: कोणती गोळी कधी थांबवायची, कॅप्सूल कशाची आहे, इंजेक्शन कोणते देणार, खास आहार कधीपासून, रोजे कधी. आणि पेशंटबरोबर आहारतज्ज्ञांकडे जाताना त्या व्यक्तीला जरूर न्या, जिच्या हातात घरातला वाढण्याचा डाव आहे.